बांधलेली लेस

ताई,

होस्टेलमधला तुझ्या शेजारचा पलंग तू माझ्यासाठी अडवून ठेवलायस, म्हणून फोनवर जीभ रेटत नाही. हे पत्रही बहुधा वहीतच राहील.

क्लबच्या पगारी संघातून एक मिनिट जरी फुटबॉल खेळले, तरी कॉलेजच्या संघात मला जागा नाही, हे तूच बजावलं होतंस. काल शेवटच्या पाच मिनिटांसाठी कोचनी मला हाक मारली. मी बुटाची बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधत बसले. शिट्टी वाजली तेव्हा मी बाकावरच होते. सामना बघायला आलेली आई म्हणाली, "लेस तर तुला चौथ्या वर्षापासून बांधता येते."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. पुढचा सामना उद्या आहे आणि मी आत्तापासून बूट घालून बसलेय. तो पलंग दुसऱ्या कुणाला तरी दे.

आजवरचं तुझं,
शेपूट