मुठीतली जागा

नालवाडी,
दि. ६ जून २०२४

दौलत यास रूपरावचा रामराम.

इकडे सारे खुशाल. तुमच्या सेलूचं काय? तुह्या गोपालची नवरी रुळली असंल आता. आमची भेंडी निघून राह्यली, तुही वहिनी रुख्मा रोज बाजारात जाते. बाकी ठीक.

आता मुद्द्याचं. फोनवर तू हसून विषय उडवतो, म्हणून लिहून राह्यलो.

गोपालच्या लग्नात नवरदेवाच्या हाती द्याले तू आमची तलवार नेली. पणजोबापासूनची. कोणाच्याही लग्नाले ती देतो आम्ही, नाही म्हणाची रीत नाही घरात. पण जी वापस आली ती आमची नाही.

तू म्हणशील, बुढ्याले भ्रम झाला. ऐक मग. चाळीस वर्षं म्या ती आखाड्यात फिरवली. तिच्या मुठीत चार बोटं कशीबशी बसत. मुठीच्या बुडाशी चपटी वाटी असते ना, मनगट जरा वाकडं वळलं का ती टोचे. आता मूठ ढिली, अन् पातं टोकाकडे ओढते.

मंगळवारी वर्ध्याले गेलतो. गोपालचा दोस्त मुकेश मिरवणुकीचं सामान विकते, त्याच्या दुकानात जुन्या घाटाच्या नकली तलवारी टांगल्या आहेत. एक हाती धरून पाह्यली. मूठ ऐसपैस, आजच्या पोट्ट्यांच्या पंजाच्या मापाची. वाटी नुसती शोभेची. पातं जड. घरी आहे तशीच, हुबेहूब! दुसरी साहेबी घाटाची, सरळ पात्याची, मुठीवर आडवा दांडा. ती तर उचलताच हातातून सुटली. तेल लागलं असंल मुठीले.

काऊन गा, नकली तलवारी विकणारा गोपालचाच दोस्त कसा निघाला? तू केलं म्हणत नाही मी. पण तुले काहीच माहीत नाही, हे माह्या गळ्याखाली उतरत नाही. आखाड्याच्या महादेवरावले म्या सांगून टाकलं. दसऱ्याच्या खेळातून गोपालचं नाव काढलं त्यांनी.

आमची तलवार पाठव, मग बोलू.

रूपराव


नालवाडी,
दि. १५ जून २०२४

दौलतभाऊ,

तुहा जबाब नाही आला. कोणत्या तोंडानं मागू?

तुले खोटं पाडाले म्या मुकेशकडची ती पहिली तलवार मागून आणली. दोन्ही अंगणात ठेवल्या. माही नात अंकिता आखाड्यात खेळते, तिनं दोन्ही फिरवून पाह्यल्या. म्हणे, "आबाजी, ह्या कुठं सारख्या आहेत? मुकेशकाकाच्या तलवारीच्या मुठीत माहा हात खेळते. आपल्या मुठीत बोटं अडकून राह्यली. हे पाहा." मनगटावर वाटीचा लाल वळ होता.

मी धरली. मले दोन्ही ढिल्याच. दोन्ही जडच.

तवा समजलं गा. तलवार आमचीच आहे. हात माहा राह्यला नाही.

गेल्या पोळ्यापासून चालू आहे हे. चहाचा कप सुटते, शर्टाची बटनं लागत नाहीत, उजवा पंजा वाळून राह्यला. डॉक्टरनं नागपूरले जा म्हटलं, गेलो नाही. रुख्मालेही बोललो नाही. हात गेला म्हणणं जिवावर आलं, अन् तुह्या पोराले चोर म्हणणं सोपं गेलं. लय लाज वाटते दौलत.

काल आखाड्यात साऱ्यांसमोर कान धरले. महादेवरावनं गोपालचं नाव परत लिहिलं. पण त्याच्या सासरपर्यंत ही गोष्ट गेली म्हणतात, ती कशी वापस आणू? पुढच्या रविवारी, २३ तारखेले, पहिल्या एसटीनं मी सेलूले येतो. गोपालले म्हणजो, शिव्या दे, पण दार उघड.

मागचं पत्र म्या कसंबसं खरडलं, हे अंकितानं लिहिलं. मी सांगत गेलो, रुख्मा बाजूले बसून ऐकत होती. म्हणजे घरातही आता लपलं नाही काही.

सही तेवढी माही आहे. डाव्या हाताची आहे, खोटी समजू नको.

रूपराव