पाणी उतरू द्या

देवपूर, रविवार संध्याकाळ, ऑगस्ट १९९२

जीप धुऊन झाली, आंघोळ झाली, तरी चैन पडत नाही.

आमच्या जीप क्लबच्या चार गाड्या काल सातपुड्याच्या पायथ्याशी. दुपारी मुसळधार पावसात तंबूत भजी तळत होतो, तेवढ्यात पाड्यावरचे एक आबा भिजत आले. म्हणाले, "भाऊ, मनी सून अडी गई शे. बैलगाडी नालामा उतरस नही. दवाखानामा लई चाला."

सून बाळंतपणात अडलेली, दवाखाना नाल्यापलीकडे; सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्लबचा म्होरक्या मीच ना! नाल्यातून गाडी कशी काढायची, हे सकाळीच मी ऐटीत दाखवलं होतं. आणि आता तोंडातून काय निघालं? "पाणी उतरू द्या." का म्हणालो? गाडी नवी म्हणून? की सरळ भ्यालो?

क्लबमधला वसंता मात्र उठला. सगळ्यांत खटारा गाडी त्याची. त्यानं मागचं सामान चिखलात उतरवलं, आबांना बसवलं, पाड्यावरून सुनेला घेतलं आणि नाल्यात गाडी घातली. पाणी बोनेटपर्यंत आलं. मी काठावर उभा. पाणी उतरू द्या म्हणे!

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

आज निघताना आबांनी माझ्या गाडीत मक्याची कणसं ठेवली. मी म्हणालो, "आबा, मी काहीच केलं नाही." ते हसले, "तुमनाच दोस्त शे ना तो, भाऊ."

घरी हिनं कणसं सोलायला घेतली. मी ती हातातून काढून घेतली. म्हटलं, "राहू दे. ही वसंताची आहेत."