पायडलवरचे खड्डे

मास्तरीणबाई,

दुकान लवकर उघडायचं होतं, म्हणून तुला न उठवता निघालो. चहाचा थर्मास पलंगाशेजारी ठेवलाय. झाकण सैल केलंय, बोटांना जोर लावावा लागणार नाही.

टेबलाखालचं पायडल मी काढून घेतलं. शिलाई मशीनच्या पायडलला वायर जोडली की माऊसचं बटण पायानं दाबता येईल आणि तुझ्या वर्गाचे निकाल कॉम्प्युटरवर वेळेत भरून होतील, असा माझा हिशेब होता. बोटं वळत नसली तरी पाय ठणठणीत आहेत, असं तूच म्हणाली होतीस.

स्प्रिंग कडक आहे म्हणालीस, म्हणून मी ती तीनदा सैल केली. आता नुसती वही ठेवली तरी ते दाबलं जातं. तरी काल तू कडकच म्हणालीस, तेव्हा मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

आज सकाळी ते उजेडात पाहिलं. वरच्या रबरावर बारीक गोल खड्डे पडलेत. टेबलाखाली तुझी छत्री होती. तिचं टोक त्या खड्ड्यांत बरोबर बसतं.

पाय कधीपासून उचलला जात नाही, ते मला सांगू नकोस. आज चार वाजता डॉक्टरांकडे जायचंय, तेव्हा त्यांना सांग. मी साडेतीनला येतो. निकालाचं संध्याकाळी बघू, तू गुण वाच, बटण मी दाबतो.

छत्री पलंगाला टेकवून ठेवली आहे. उठताना घे.

मी