दुसऱ्या चौकटीत अडलेलं दूध

प्रिय कमलताई,

काल मालवणात तुमच्यासाठी शोकसभा झाली. मलाही बोलायला उभं केलं. नर्सबाई वक्तशीर होत्या, पावसाचिखलातून वाड्या पालथ्या घालत, असं बोललो आणि खाली बसलो. सगळं खरंच होतं. पण जे सांगायला हवं होतं ते जिभेवर येऊन मागे फिरलं. निदान तुम्हाला तरी लिहावं, म्हणून आज शाळा सुटल्यावर वर्गातच बसलो आहे.

बदलीच्या गावी, विजयदुर्गला, तुम्हाला तापाने गाठलं, हे आम्हाला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं. एक ओळ तरी टाकायची होती ना! पण स्वतःच्या दुखण्याची खबर देणं तुमच्या स्वभावातच कुठे होतं?

मसुऱ्याहून तुम्ही आमच्या वाडीत बदलून आलात तेव्हा शाळेतलं दूधवाटप सुरू होऊन वर्ष झालं होतं. परदेशी पावडरीची पिंपं यायची. पाण्यात कालवून आम्ही दहाच्या सुट्टीत पेले भरायचो. वाडीतल्या लहानग्यांनाही द्यायचं, आयांनी त्यांना शाळेत आणायचं, असा वरून हुकूम होता. रजिस्टर माझ्याकडे. तपासणीचे साहेब ते चाळून म्हणाले होते, "उत्तम काम!"

आणि तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "गुरुजी, मुलांची वजनं कुठे लिहिता?"

मला रागच आला. दूध आलं, वाटलं, लिहिलं. आणखी काय करायचं?

तुम्ही खडू घेऊन फळ्यावर चार चौकटी काढल्यात. काय आलं, आपण काय केलं, कोणापर्यंत पोचलं, मुलात काय बदललं. मधे बाण. एकेका बाणावर बोट ठेवून विचारलंत, "इथून पुढे सरकायला काय काय खरं असावं लागेल?" मग हळूच म्हणालात, "तुमचं रजिस्टर दुसऱ्या चौकटीत संपतं."

मी फळा पुसला. गणिताचा तास आहे म्हणालो. किती कोतेपणा तो!

त्याच पावसाळ्यात मासे विकणाऱ्या पारूचा बाबल्या गेला. होड्या वर ओढलेल्या, मासळी बंद, घरात नुसती पेज. अडीच वर्षांचं पोर, आधीच काडी झालेलं. हगवण लागली नि तिसऱ्या दिवशी संपलं. तुम्ही त्याच्या घरून थेट शाळेत आलात, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. रजिस्टर मागितलंत. बाबल्याच्या नावापुढे ओळीने बरोबरच्या खुणा होत्या.

"हा दूध प्यायला येत होता?"

मी रजिस्टर मिटायला गेलो.

"गुरुजी, एकदा तरी आला होता?"

"नाही."

पिंपं शिल्लक दिसली तर पुढे कमी येतील, म्हणून न आलेल्या लहानग्यांपुढेही मी खुणा करायचो. त्यांच्या वाटणीचं दूध मोठ्या मुलांना दुसऱ्यांदा द्यायचो. घरी तर एक थेंब नेला नाही ना, अशी मनाची समजूत घालायचो. पण त्या खुणांमुळेच कुणी विचारलं नाही, की हे पोर आहे कुठे?

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, "सुतकाचे दिवस होऊन जाऊ देत. मग पारूलाच विचारू."

पारू दारात बसली होती, वर्षाची धाकटी मांडीवर. "बाय, होड्यो चालू आसतत तेवा मी फाटफटी पाटी घेवन मालवणाक जातंय," ती म्हणाली. "धा वाजता झिलाक शाळेत कोण हाडतलो?" मग जरा थांबून म्हणाली, "होड्यो किनाऱ्याक लागतत तेवा सगळी पोरां आमच्या वांगडाच आसतत. थंय कोण येणा नाय."

एवढंच! वर्षभराच्या कागदांत नव्हतं ते तिने चार वाक्यांत सांगितलं: होड्या लागताना पोरं किनाऱ्यावर आयांबरोबर असत, आणि दहाला त्या आया मालवणच्या बाजारात. परत येताना तुम्ही म्हणालात, "आपण वेळ चुकवली, जागा चुकवली. आई चुकली नाही."

नारळी पौर्णिमेनंतर तुम्ही चूलच किनाऱ्यावर मांडलीत. नाचणीच्या पेजेत पावडर घालून, चांगली उकळून, गूळ टाकून. बांबूला टांगता वजनकाटा. आणि माझ्या हातात नवी वही दिलीत. "आलेल्यांची नावं नंतर. आधी न आलेल्यांची लिहा, आणि आजच त्यांच्या घरी जा."

पहिल्या दिवशी पेज संपली, पण काट्यात पोर घालायला कुणी तयार होईना. वजन केलं की दृष्ट लागते, म्हणे! तेव्हा पारूच धाकटीला घेऊन पुढे आली. "माझ्या चेडवाक घाला आदी. माझा जावचा ता गेला." आणि तिने स्वतःच धाकटीला काट्यात बसवलं.

पहिले दोन महिने काटा जागचा हलला नाही. तुम्ही अहवालात तसंच लिहिलंत. कचेरीतून विचारणा झाली, असं लिहितात का? तुम्ही म्हणालात, "काटा सांगतो ते लिहिलं." शिमग्यापर्यंत बरीच पोरं अंगाने भरली. काही नाही भरली. त्यांच्या घरी तुम्ही बदलीचा हुकूम येईपर्यंत जात राहिलात. पारूची धाकटी आता माझ्याच शाळेत पहिलीत आहे.

पण एक विचारू? पहिल्या वर्षाबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंत: 'लहान मुलांपर्यंत दूध पोचत नव्हतं.' खोट्या खुणा कुणाच्या, ते का लिहिलं नाहीत? तेव्हा मी मनातल्या मनात तुमचे पाय धरले होते. आज वाटतं, माझं नाव घालायला हवं होतंत. तुमच्या दयेमुळे माझी नोकरी राहिली, पण तिकडे पारू अजून म्हणते, "माका बाबल्याक शाळेत नेवक जमला नाय, म्हणान तो गेलो." सगळा दोष ती एकटी वाहते आहे. मी ऐकतो, मान हलवतो आणि पुढे जातो.

ताई, यापुढे असं होणार नाही. उद्या सकाळी होड्या लागायच्या वेळी मी तिच्याकडे जाईन. बाबल्याच्या नावापुढे मी काय केलं होतं, ते तिला सांगेन. आणि ती काय म्हणेल ते तिथेच उभा राहून ऐकेन, तिचं बोलून पुरं होईपर्यंत.

तुमचा,
दत्ताराम