आई, देव हॉलमध्ये परत आले

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतीस तेव्हा आपण एकाच घरात राहत होतो, आणि फोनवर तू चार ओळी पाठवल्यास तर मी नुसता अंगठा पाठवायचो. आज मात्र बातमीच तशी आहे. तुझं वर्षश्राद्ध होऊन आठ दिवस झाले. आज सकाळी शेवटचा खोका घरातून गेला आणि दुपारी मी देव्हारा स्वयंपाकघरातून उचलून हॉलमध्ये, त्याच्या जुन्या जागी टांगला. खिळे तेच आहेत, भिंतीत अजून घट्ट बसलेत.

खोका म्हणजे तोच गं, माझ्या बुटांचा. स्नीकर म्हण, असं मी तुला शंभरदा सांगितलं आणि तू शंभरदा बूटच म्हणालीस. संपले ते. साठाच्या वर जोड होते, एक सोडून सगळे गेले. त्या एका जोडाचं शेवटी सांगतो.

तुला वाटेल, पोरगा रडत लिहितोय. नाही. खरं सांगू? इतकं हलकं मला दहावीचा शेवटचा पेपर दिल्यावरही वाटलं नव्हतं.

हे खूळ माझ्या डोक्यात कधी शिरलं, आठवतं? शाळेत माझ्याकडे कॅनव्हासच्या बुटांचा एकच जोड होता. दर रविवारी तू बाबांच्या जुन्या बनियनच्या चिंधीनं त्याला सफेदी लावायचीस आणि खिडकीच्या ग्रिलवर वाळत घालायचीस. सोमवारी मी वर्गात सगळ्यात पांढरा. मला मात्र ते नकोच होते, मला बाजूच्या बाकावरच्या पोराचे हवे होते. मग अंधेरीच्या स्टुडिओत जाहिराती एडिट करायला लागलो आणि पहिल्या पगारात पहिला जोड आणला. तो निदान घातला तरी. पुढचे आणले ते बघायला. तू किंमत विचारलीस तेव्हा मी एक शून्य गिळलं. तरी तू कपाळाला हात लावलास. "दोन माणसांचं घर. किती रे पाय आपल्याला?"

आणि तो 'डेडस्टॉक'चा किस्सा. मी फोनवर मित्राला सांगत होतो, "डेड आहे रे, एकदम डेड." तू मेथी निवडता निवडता थांबलीस आणि हळूच विचारलंस, "कोण गेलं?"

मी हसत सुटलो. तुला समजावलं की डेडस्टॉक म्हणजे एकदाही पायात न घातलेला जोड. तळव्याला जमीन लागली की त्याची किंमत पडते. तू जरा विचार केलास. "म्हणजे घातला तर जिवंत, ठेवला तर मेला. आणि तुम्हाला मेलेलाच पाहिजे?" मग म्हणालीस, "घरात असलं बोलू नकोस रे. आणि घालत जा अधूनमधून, रुसतील नाहीतर."

मी तो जोक म्हणून आमच्या स्नीकरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. साठ-सत्तर जण हसले. त्यातल्या एकालाही तुझं म्हणणं पटलं नाही, मला तर नाहीच नाही.

ऊन लागलं की सोल पिवळे पडतात म्हणून मी हॉलच्या खिडकीला काळी फिल्म लावून ती कायमची बंद केली. तू भरदुपारी ट्यूब लावून पेपर वाचायला लागलीस. दमट हवेनं गोंद सुटतो म्हणून हवेतलं पाणी ओढणारं मशीन आणलं. ते दिवसभर घरघरायचं आणि त्याची टाकी तू रिकामी करायचीस. ते पाणी तू तुळशीला घालायचीस. शेजारच्या काकूंना सांगायचीस, "आमच्याकडे बुटांच्या घामावर तुळस वाढते." तुझ्या जिभेला हाड नव्हतं, आई. असल्या बाबतीत तरी.

पण कामाचं बोलायची वेळ आली की गप्प बसायचीस. हे मात्र मी तुला सुनावणार आहे.

तू गेलीस त्याच्या आधीच्या माघातली गोष्ट. हॉलमध्ये माळ्यापर्यंत रॅक झालं होतं, तरी जागा पुरेना. म्हणून मी देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर आणखी एक फळी मारून घेतली आणि त्यावर बारा खोके बसवले. दोन दिवसांनी बघतो तर देव्हारा स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला, मिक्सरच्या वर. मी विचारलं, "इकडे कशाला आणलास?" तू म्हणालीस, "गुडघे दुखतात रे. ओट्याशी काम करता करता दिवा लावता येतो." मला पटलं. मला तर बरंच वाटलं, कारण हॉलमध्ये एक भिंत मोकळी झाली. तिथेही मी चार खोके लावले.

गुडघे तुझे कधी दुखतच नव्हते. दुखायची ती टाच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातसुद्धा मऊ तळव्याची चप्पल घाला, फरशीवर अनवाणी फिरू नका. मी रिक्षात म्हणालो, "आजच ऑर्डर करतो." तू म्हणालीस, "सावकाश कर, घाई काय आहे?" मी खरंच सावकाश केलं. दोन महिने झाले तरी तू बाथरूमच्या रबरी सपाता घालूनच ओट्याशी उभी राहायचीस. त्या दोन महिन्यांत मी माझ्यासाठी तीन जोड मागवले. हेही लिहितो. तुझ्यापासून लपवून आता काय मिळणार आहे?

मग तू गेलीस. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. तुला कोणाला ताटकळत ठेवायला कधी आवडलंच नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी दानाची यादी दिली. छत्री, काठी, तांब्या, पांघरूण आणि चपला. म्हणाले, "चपला नव्या हव्यात. एकदाही न वापरलेल्या, आणि आईंच्या मापाच्या. पुढची वाट चालायची असते त्यांना."

मी पाठमोरा रॅककडे बघत उभा होतो. घरात साठ-पासष्ट जोड, सगळे नवे, सगळे न वापरलेले, आणि त्यातला एकही तुझ्या पायाचा नाही. माझी मापं मला अमेरिकेच्या, इंग्लंडच्या आणि युरोपच्या हिशेबानं तोंडपाठ होती. तुझ्या पायाचं माप मला माहीत नव्हतं, आई. सपाता उलट्या करून बघितल्या तर आकडा झिजून गेलेला.

शेवटी एक सपात पिशवीत घालून मुलुंड स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं ती हातात घेतली, अंगठा फिरवला. "सहा नंबर. पण टाच बघा, एकाच बाजूनं झिजली आहे. दुखत असणार बाईंना." मी म्हटलं, "हो, दुखायची." त्यानं मऊ तळव्याच्या दाखवल्या, डॉक्टरांनी सांगितल्या होत्या अगदी तशाच. त्याच घेतल्या आणि दान दिल्या.

पोचल्या का गं? लागत नाहीत ना कुठे?

तेराव्याला संध्याकाळी मावशीनं देवापुढे दिवा लावला. मिक्सर बाजूला सरकवला, वात नीट केली आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता तरी देवांका भायर हॉलात ने रे बाबू."

मी म्हटलं, "आईला इथेच बरं पडायचं ना. गुडघे..."

मावशी वळली. "मेल्या, गुडघे खयचे? तुझ्या आवशीन माका फोन केल्यान. म्हणाली, देवांच्या डोक्यार जोडे ठेवल्यान माझ्या झिलान, माका बघवाक नाय. मी म्हटलंय, सांग ना तेका. तर म्हणता, नको गे, त्याच्या आवडीची वस्तू आसा. जोड्यांका हलवूचा नाय, देवांका हलवतंय. देव समजून घेतले."

त्या दिवसापासून हॉलमध्ये गेलं की माझी नजर त्या फळीकडे जायची आणि खाली वळायची. आई, तू एवढी धार्मिक. एकादशीला पाण्याचासुद्धा नियम पाळणारी. माझ्या खोक्यांसाठी तू देवाला घराच्या कोपऱ्यात नेऊन बसवलंस आणि वर माझ्याशी खोटं बोललीस? एकदा ओरडली असतीस तर काय झालं असतं?

पण ओरडली असतीस तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे. एकदा करून दाखवलं होतं ना.

तो पिवळसर सोलचा जोड. जुना दिसावा म्हणून कंपनीनंच मुद्दाम तसा बनवलेला, आणि त्या पिवळेपणासाठीच मी तो घेतलेला. टेबलावर विसरून अंधेरीला कामाला गेलो. परत येतो तर हॉलची खिडकी उघडी आणि ग्रिलवर जोड वाळत घातलेला. तू कोपऱ्यावरच्या दुकानातून शाळेच्या बुटांची सफेदी आणली होतीस आणि चिंधीनं, अगदी निगुतीनं, सोल पांढरेशुभ्र करून ठेवले होतेस. लेससुद्धा धुतली होतीस.

मी काय काय बोललो ते परत लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस?" तू एवढंच म्हणालीस, "पिवळे पडले होते रे. मला वाटलं, ऑफिसात कोणी हसेल तुला." मी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तू माझ्या ताटात सोलकढीची वाटी ठेवलीस आणि विषय मिटवलास. मिटवायला हवा होता मी, मिटवलास तू.

असो. तर तेराव्यानंतर मी विकायला काढले. पहिला जोड घ्यायला घाटकोपरहून एक गुजराती गृहस्थ आले. चाळिशीतले, पोट सुटलेले. त्यांनी खोका उघडला, बूट काढले आणि दारातच पायात चढवले. मी हात आडवा घातला. म्हटलं, "अहो, खाली गटाराचं काम चालू आहे, सगळा चिखल आहे."

त्यांनी लेस बांधली. "तो जूते किसलिए होते हैं, भाई? डिब्बा आप ही रखो."

मी गॅलरीत जाऊन बघत होतो. माणूस मजेत चिखलातून चालत रिक्षापर्यंत गेला. आणि आई, मला चक्क बरं वाटलं. खांद्यावरची गोणी कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं.

मग सुटलोच. महिन्याला पाच, महिन्याला सात. सगळं काही सुखासुखी झालं नाही. एका जोडाचा फोटो काढायला खोका उघडला तर सोल हातातच भुगा झाला, शिळ्या नानकटाईसारखा. सात वर्षं हवा लागू दिली नव्हती. चौकशी केली तर कळलं, न चालता ठेवले की ते आतून झिजतात, चालले तर टिकतात. रुसतील म्हणाली होतीस ना? रुसले बघ. आणि मधे एकदा मन पुन्हा घसरलं. नवा जोड निघाला होता, बोट बटणापर्यंत गेलं होतं. मग फोनमधून ते बूट विकणारं अ‍ॅपच काढून टाकलं. आता नवे जोड विक्रीला येतात म्हणून दुपारी बाराच्या ठोक्याला काम सोडून फोनला चिकटावं लागत नाही. जेवण गरम असताना जेवतो. मशीनही विकलं. तुळशीला नळाचं पाणी घालतो, तिचं काही बिघडलेलं नाही.

आज खिडकीची फिल्म खरवडून काढली. सगळी नखांत चिकटलीय. दुपारी तीनला ऊन थेट देव्हाऱ्यावर आलं. ती जागा तू त्यासाठीच निवडली होतीस, हे मला आज कळलं. दिवा लावला आणि बराच वेळ सोफ्यावर नुसता बसून राहिलो. घरात घरघर नव्हती, तर खालच्या भाजीवाल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

आता उरलेला जोड. तोच, तुझ्या सफेदीचा. तो कोणी घेतला नसता, आणि मी विकलाही नसता. सफेदीला आता भेगा पडल्यात, त्यातून खालचा पिवळा दिसतो. आठवडाभर रोज घालतोय. ऑफिसात कोणी हसलं नाही, आई.

पुढच्या महिन्यात गावची जत्रा आहे. तीन वर्षं तू मागे लागली होतीस, "चल रे बाबू, देवळाच्या पायऱ्या उतरताना हात धरायला कोणीतरी पाहिजे." आणि मी दर वेळी म्हणालो, "लाल माती लागते गं, ती निघत नाही." या खेपेला मावशीला घेऊन जातोय. हात तिचा धरीन. पायात तुझ्या सफेदीचा जोड असेल, आणि देवळाबाहेर सगळ्यांच्या चपलांच्या ढिगात तो काढून ठेवताना मी एकदाही मागे वळून बघणार नाही.

शब्द देतो तुला. लाल माती लागली तर ती पुसणार नाही. आणि घरी परत आलो की बूट दाराबाहेर काढीन.

तुझा,
बाबू