काकांचे पाच स्वर

प्रिय बाई,

आज सकाळी जगतापकाकांची सून कामावर जाता जाता माझ्या खोलीवर आली आणि त्यांच्या गाण्याच्या कागदांची निळी फाईल हातात देऊन गेली. "बाबा म्हणाले, आता ह्याचा त्यांना उपयोग नाही," एवढंच बोलली. चहा विचारला, तर नको म्हणाली.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. या दिवसांत तुम्हाला लिहायचं तीनदा मनात आलं आणि तिन्ही वेळा मी भांडी घासायला उठले. आज नाही उठणार. बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले आहे. ज्याच्याबद्दल बोलले, तो माणूस आता गात नाही. हे तुम्हाला नाही, तर कोणाला सांगू?

मी पहिल्यांदा तुमच्या दारात आले, ते आठवतंय? तुमच्या खालच्याच मजल्यावर आम्ही पाच मुली कॉट बेसिसवर राहायचो. शनिवारी संध्याकाळी वरून गाणं ऐकू यायचं. आमच्या गावी, मांजरीला, घरी गुरुवारी भजन असतं, त्यात सगळे एकच चाल म्हणतात. इथे मात्र चौघं चार वेगवेगळ्या चाली म्हणत होते आणि तरी गाणं एकच होतं! असं कसं होईल, हे मला कळेना. शेवटी एका शनिवारी वर येऊन मी बेल दाबली.

"काही विकत असशील तर नको आहे," तुम्ही दार अर्धंच उघडून म्हणालात.

"नाही, मला ते गाणं शिकायचंय."

"कोणाचं? सोप्रानो, अल्टो, टेनर की बास?"

वरपासून खालपर्यंतच्या या चार आवाजांतलं मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "सगळ्यांचं."

तुम्ही चष्म्याच्या वरून बघितलंत. "सगळ्यांचं शिकायला वेळ लागतो. चपला बाहेर काढ."

सहा वर्षं लागली, बाई. अजूनही आलं आहे असं वाटत नाही.

तुमची शिकवण्याची रीत किती साधी होती! तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या चर्चमधून लोक जी स्तोत्रं गायचे, ती कोराल, रोज एक, स्वतःच्या हाताने वहीत उतरवून काढायची. मग चारही आवाज एकेक करून गायचे, खोलीत चालत चालत. पायपेटीला तोवर हात लावायचा नाही. मग तुम्ही नुसती वरची चाल आणि खालचा बास द्यायचात आणि मधले दोन आवाज मी भरायचे. मधल्या आवाजांचं कोणी ऐकत नाही, म्हणून त्यांच्याशी जास्त चांगलं वागायचं, असं तुमचं म्हणणं.

आणि तुमचे ते शेरे! मी टेनरला एकदम वर नेलं की, "हा का ओरडतोय? आग लागलीये का कुठे?" अल्टोने उगाच मोठी उडी मारली की, "ही कुठे निघाली? स्वारगेटला?" मी हसायचे आणि खोडायचे. खोडताना एकदाही मनात आलं नाही की तुम्हाला त्या ओळीच्या जागी खरोखरच एक माणूस उभा दिसतोय. मला वाटायचं, तुम्ही गंमत करताय.

आई एकदा माझ्याबरोबर आली होती, तुमच्या पलंगावर अवघडून बसली होती. गाणं संपल्यावर मला हळूच म्हणाली, "चौघं चार गोष्टी बोलत्यात, ह्यांचं भांडान हाय का काय?" तुम्ही ऐकलंत आणि ठसका लागेपर्यंत हसलात. "भांडणच आहे हो," म्हणालात, "पण एकमेकांचं ऐकून घेऊन."

मला मात्र सगळ्यात जास्त आवडले ते नियम. खरं सांगते. आमच्या घरात पहिली पदवी माझी. माझ्या आधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. त्यामुळे घरातल्या अर्जांतल्या चुका मी काढायच्या, वडिलांच्या बोलण्यातल्या मी काढायच्या, भावाच्या लग्नपत्रिकेतल्यासुद्धा मीच. शिकलेल्या माणसाचं हे कर्तव्यच आहे असं मला वाटायचं. चूक दिसली आणि गप्प बसलो, तर शिकलो कशाला?

तुमच्याकडे तर नियमांची खाणच होती. त्यात पहिला आणि सगळ्यात कडक नियम समांतर पंचमांचा. दोन आवाज पंचमाच्या, म्हणजे 'सा' ते 'प' एवढ्या, अंतरावर असतील आणि तेच अंतर ठेवून दोघंही एकाच दिशेने सरकले, तर त्यांचं वेगळेपण जातं. चारातला एक आवाज कमीच होतो म्हणा ना. तुमची पहिली दोन वर्षं माझ्या वहीतले असले पंचम शोधण्यात गेली. नंतर मला ते लांबूनही दिसायला लागले, भाजीत केस दिसावा तसे.

म्हणूनच ते घडलं.

दिवाळीनंतर तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि पडल्या पडल्या ती सांजेची प्रार्थना लिहिलीत. शब्द तुमचे, चाल तुमची, चारही आवाज तुमचे. मला म्हणालात, "माझा हात कापतो. तू प्रत्येकाची ओळ साफ लिहून काढ. जगतापांना टेनरची सरगममध्ये दे, त्यांना रेघांवरचं वाचता येत नाही."

मी खाली येऊन लिहायला बसले आणि तिसऱ्या ओळीत मला ते दिसलं. बास 'म'वरून 'प'वर जात होता आणि टेनर 'सा'वरून 'रे'वर. समांतर पंचम! बाई, तुमच्या लिखाणात!

तुम्हाला विचारायला मला जिना चढून यायचं होतं, फक्त अठरा पायऱ्या. मी आले नाही. आजारपणात राहून गेलं असेल, विचारून कशाला दुखवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगू? तुमची चूक मला सापडली, याचा मला आनंद झाला होता. मी टेनरला वरच्या 'म'वर नेलं आणि तिथून 'रे'वर उतरवलं. बास चढतो तेव्हा टेनर उतरतो, अगदी पुस्तकात असतं तसं. ती चाल तीन कडव्यांत तीनदा येते, म्हणून तीनही जागी बदललं. स्वच्छ अक्षरात.

काकांनी कागद बघितला आणि लगेच म्हणाले, "सारिका, हे वर जातंय गं."

"बरोबर तेच आहे, काका. सराव केला की येईल."

त्यांनी केला हो सराव! डेअरीच्या टँकरवर तीस वर्षं ड्रायव्हर असलेला माणूस. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून गुणगुणताना तुम्ही त्यांना पकडून आणलं होतंत. कात्रजहून येताना बसमध्ये ते ओठांतल्या ओठांत म्हणत यायचे. सोप्रानोच्या मीनलताईंनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलंही, "अगं, घाम फुटतो त्यांना त्या जागी." मी म्हणाले, "ताई, प्रयत्न तर करायला हवा ना?" दुसऱ्या तालमीला काकांचा आवाज त्या 'म'वर फुटला. बास गाणारा सुधीर खुदकन हसला. काकाही हसले. त्यांचं ते हसणं मी बघितलं आणि पुढचं कडवं सुरू केलं.

मग तो शनिवार. आम्ही बाहेरच्या खोलीत उभे, तुमच्या खोलीचं दार उघडं, तुम्ही आत पडून. तिसऱ्या ओळीला काकांचा आवाज आलाच नाही. पुढच्या कडव्यात ते सुरुवातीपासून नुसते ओठ हलवत होते. तिसऱ्यात तेही नाही. आम्ही तिघांनीच ती प्रार्थना संपवली.

आतून तुमचा आवाज आला, "टेनर कुठे गेला? जगताप आले नाहीत का?"

काका माझ्या शेजारी उभे होते, बाई. हातभर अंतरावर. मी म्हणाले, "आलेत, पण घसा बसलाय त्यांचा."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज कसं आलं?

"मीठ-पाण्याच्या गुळण्या करा म्हणावं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग तुमच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "हो बाई."

त्यांनी माझं खोटं सांभाळून घेतलं. आणि त्या दिवसानंतर ते परत आले नाहीत. पुढच्या गुरुवारी तुम्ही गेलात. मातीला ते आले होते. सगळ्यात मागे उभे होते, पण गायले नाहीत.

आता येत्या रविवारी तुमच्या आठवणीत तीच प्रार्थना म्हणायची असं ठरलंय. मी काकांना फोन केला होता. "माझं आता होत नाही, पोरी. वय झालं," म्हणाले. दुसरा कोणीतरी टेनर बघू, असं सुधीर म्हणाला. मी विषय बदलला. आणि आज ही फाईल आली.

ती मी दुपारभर बघत बसले. सगळ्यात वर माझा बदललेला कागद, त्याखाली सहा वर्षांचे कागद, सगळे तुमच्या अक्षरातले. पाचसहा पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघितलं. खालचा 'प', 'ध', 'नि', मग 'सा' आणि 'रे'. सहा वर्षांत तुमच्या एकाही पानावर काकांच्या ओळीत याच्या बाहेरचा स्वर नाही. एकही नाही! जुनी कोरालसुद्धा तुम्ही त्यांच्यासाठी बदलून घेतली होती. जिथे टेनर वर जातो तिथे ते स्वर तुम्ही माझ्या अल्टोला दिले होते, आणि मला वाटत होतं, माझी प्रगती बघून तुम्ही मला अवघड ओळी देताय.

रेच्या वर काकांचा आवाज जात नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मी सहा वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून गायले आणि मला माहीत नव्हतं.

थोडा राग तुमचाही आलाय, बाई. हे मला एकदा तरी सांगायचं होतंत! माझ्या वहीतला प्रत्येक पंचम लाल पेन्सिलीने गोल करत होतात, आणि ही गोष्ट तेवढी सांगितली नाहीत? की सांगत होतात, आणि मी हसत होते?

आणखी एक. फाईल मिटल्यावर मी ती तिसरी ओळ पुन्हा मांडून बघितली, या वेळी ते पाच स्वर समोर ठेवून. दहा मिनिटं लागली. टेनरला 'ध'वरून 'प'वर उतरवायचं आणि अल्टोने 'म'वरून 'रे'वर यायचं. समांतर पंचम नाही, काही नाही. नियमही राहतो आणि काकाही राहतात. तो वरचा 'म' माझा मीच घ्यायचा होता. तुमच्या कापऱ्या हातातून ती जागा निसटली, की काकांना त्यांच्या सगळ्यात वरच्या 'रे'वर चढायला मिळावं म्हणून तुम्ही मुद्दाम तसं लिहिलंत, हे मला आता कधीच कळणार नाही. पण मला उत्तर सापडायला दहाच मिनिटं लागली, याचीच लाज वाटते. तेव्हा मी चूक दुरुस्त करत होते. ती ओळ कोण गाणार आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

आणि बाई, एक गोष्ट मघापासून लिहायची टाळतेय. घसा बसलेल्या माणसाचं "हो बाई" इतकं स्वच्छ येतं का? पायपेटीचा एक सूर किंचित उतरला तर झोपेतून उठून सांगणारे तुमचे कान! तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?

त्यानंतर पाच दिवस मी रोज संध्याकाळी तुमच्यासाठी पेज घेऊन येत होते. रोज निघताना तुम्ही विचारायचात, "अजून काही सांगायचंय?" आधी कधी असं विचारत नव्हतात. मी रोज म्हणायचे, "काही नाही, बाई. पडा आता." पाच वेळा विचारलंत तुम्ही. पाचही वेळा मी भांडं उचलून निघून गेले.

क्षमा मागितली, तर तुम्ही म्हणाल, "माझी कशाला मागतेस? मला काय झालंय?" खरं आहे. ज्यांची मागायची ते कात्रजला राहतात.

म्हणून उद्या सकाळी मी जाणार आहे. तुमची मूळ पानं आणि माझे बदललेले कागद, दोन्ही बरोबर नेईन. काकांना सांगेन की त्यांचं वय झालेलं नाही, ओळ मी बदलली होती. त्यांच्या सुनेसमोर सांगेन, कारण घरातल्यांनाही आता वाटत असणार की बाबांचं गाणं संपलं. शनिवारी मीनलताई आणि सुधीरसमोर सांगेन की त्या दिवशी कोणाचाही घसा बसला नव्हता. तिसरी ओळ तुम्ही लिहिलीत तशी गायची की मी आज मांडली तशी, हे काका दोन्ही गाऊन बघतील आणि ठरवतील. मी काही बोलणार नाही. त्यांनी दारातूनच परत पाठवलं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन, आणि त्याच्या पुढच्याही. रविवारी ते आले नाहीत, तर त्या दिवशी आम्ही दुसरं काहीतरी म्हणू. तुमची प्रार्थना ते येईपर्यंत थांबेल. दुसरा टेनर मी शोधणार नाही आणि कोणाला शोधू देणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची विद्यार्थिनी,
सारिका