पाठमोरी

माकणी, ३ जुलै २०२४

चि. भुवनेश्वरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तुझं अकरावं पुस्तक पोचलं. बारीक छापील अक्षरं मला अडतात, मी तुझी चित्रंच बघतो. प्रत्येक पुस्तकात एक बाई पाठमोरी असते. कधी चुलीपुढं, कधी नळावर, कधी एसटीत. शेजारची नागूबाई म्हणते, ही बाई तुमच्यावर रुसलीय का काय. तेव्हापासून घोर लागलाय. तुझं काही बिनसलंय का? वेळेवर जेवतेस ना?

माया ठेव.
आबा

पुणे, ११ जुलै

ती. आबांना सा. न. वि. वि.

बिनसलं काही नाही. ती आई आहे. भूकंपात ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची. फोटोही भिंतीखाली गेला. चेहरा आठवत नाही, म्हणून पाठ काढते. नागूबाईंना सांगा, रुसलेली नाही, कामात आहे.

नवं पुस्तक आईवरच आहे, या वेळी शब्दही माझेच. पण प्रकाशक म्हणतात, आईला चेहरा हवाच, नाहीतर पुस्तक नको. आबा, तिला पाहिलेलं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. कशी होती, लिहाल?

आहे तसाच लोभ राहू द्यावा.
तुमची लेक भुवनेश्वरी

माकणी, २० जुलै

चि. भुवनेश्वरीस आशीर्वाद.

चार कागद फाडले. कपाळावर गोंदलेली चंद्रकोर, जरा डावीकडं कललेली. उजव्या भुवईत तव्याचा चटका, तिथं केस नव्हते. पुढचा दात तुटका, म्हणून हसताना पदर तोंडाला. नाक बरं होतं. रोज जेवायला बसलो की समोर लख्ख दिसते, पण चौथी शिकलेल्याला लिहायला जमेना. चुकलं तर तिला राग येईल का?

आबा

पुणे, ६ ऑगस्ट

ती. आबांना सा. न.

चित्र धाडलंय. हीच का आई? काय चुकलं तेवढं कळवा. महिनाअखेर छपाईला द्यायचंय.

भुवनेश्वरी

माकणी, १९ ऑगस्ट

चि. भुवनेश्वरीस आशीर्वाद.

चित्र मिळालं. आठ दिवस भिंतीला लावून बघितलं. नागूबाई म्हणते, लई गोड आहे, पण तिनं कुठं पाहिलीय? चंद्रकोर बरोबर, भुवई बरोबर. नाक चुकलं. कसं, ते लिहावं म्हणून डोळे मिटले, तर तुझं चित्रच पुढं आलं. चित्र उतरवून पेटीत ठेवलं, तरी तेच. जेवायला बसलो, तर समोर कागदावरची बाई.

एकतीस वर्षं ती माझ्याजवळ होती, पोरी. नाक चुकलंय एवढं ठाऊक आहे. कसं होतं, ते आता सांगता येत नाही.

तुझा दोष नाही, रडू नको. पुस्तकाचं काय करायचं ते तू ठरव. माझं विचारशील, तर तिला पाठमोरीच राहू दे. पाठ तू बरोबर काढतेस.

या म्हाताऱ्याला विसरू नको.
आबा